कृपागुण आणि कृपास्थान

दिवाळी अंकातल्या समीक्षेत कादंबरी असावी, कवितासंग्रह असावा, फार तर एखादे नाटक असावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती गैरही नाही. यंदा मी संगणकावरच्या एका खेळावर लिहिणार आहे हे आमच्या स्टाफरूममध्ये कळले, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चहाचा कप बशीत ठेवून विचारले, "सर, पोरांचे मोबाइल तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवता आणि स्वतः घरी खेळता?" प्रश्न रास्त होता. माझे उत्तर एवढेच की, तीस वर्षे प्रश्नपत्रिका काढण्यात घालवलेल्या माणसाला 'अवघड' या शब्दाचा अर्थ एका खेळाने उतारवयात नव्याने शिकवला. त्या शिकवणीची ही नोंद.

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा ऑनलाइन वर्गांसाठी मी संगणक घेतला. पुढे शाळा भरल्या, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तो संगणक कोपऱ्यात धूळ खात पडला. कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आलेल्या भाच्याने त्यावर 'एल्डन रिंग' हा खेळ आणला. टोकियोच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने तो २५ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध केला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. त्यातल्या जगाचा प्राचीन इतिहास रचण्यात जॉर्ज मार्टिन या अमेरिकन कादंबरीकाराचा हात. वर्षभरात त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो : 'रोल-प्लेइंग' खेळात आपण एक पात्र घ्यायचे, त्याचे बळ, बुद्धी, शस्त्रे आपल्या मर्जीने वाढवायची आणि एका कल्पित मुलखात त्याचे नशीब घडवायचे. हा मुलूख मात्र निर्दय आहे. त्यात माणूस मरतो. एकदा नव्हे, शेकडो वेळा मरतो.

सुरुवातीचा प्रसंग पाहा. तळघरातून आपण उजेडात येतो. समोर हिरवे माळरान आणि त्यावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फेऱ्या मारीत असतो. नवखा खेळाडू वीरश्रीने त्याच्यावर धावून जातो आणि एक-दोन फटक्यांत मरतो. मीही मेलो, आणि चिडून भाच्याला म्हणालो, "पहिल्याच पानावर हा असला प्रश्न कोण घालतं?" तो हसून म्हणाला, "मामा, आत्ताच त्याच्याशी लढा म्हणून कुणी सांगितलंय तुम्हाला? वळसा घालून जावा की." हाच पहिला धडा. माळ मोकळा आहे, वाटा अनेक आहेत. आज न सुटणारा प्रश्न सोडून पुढे जाता येते, बळ कमावून परत येता येते. परीक्षेच्या दालनात आम्ही मुलांना हेच सांगत असतो, पण आमच्या अभ्यासक्रमाची रचना मात्र तशी नसते.

पुढे किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा शत्रू उभा असतो. माझे पंधरा दिवस त्याने खाल्ले. तो काठी उगारतो आणि ती तशीच हवेत धरून ठेवतो. आपण घाबरून आधीच बाजूला लोळण घेतो, आपला तोल सावरायच्या आत काठी खाली येते आणि खेळ खलास. विसाव्या का पंचविसाव्या मरणानंतर भाचा म्हणाला, "तुम्ही लगेच लोळायलाय. तो थांबलाय, ते बघा की." तेव्हा उमगले की मी काठीकडे पाहतच नव्हतो, माझ्या भीतीकडे पाहत होतो. प्रत्येक मरणात माझी चूक माझ्या डोळ्यांसमोर घडत होती आणि ती दुरुस्त करण्याची संधी अर्ध्या मिनिटात परत मिळत होती.

या परत मिळण्यातच खेळाचे मर्म आहे. मुलुखात जागोजागी सोनेरी प्रकाशाची ठिकाणे आहेत. तिथे बसले की जखमा भरतात, औषधाची कुपी भरते, आणि मारलेले किरकोळ शत्रूही पुन्हा उठून उभे राहतात. मेल्यावर आपण बहुधा अशा ठिकाणीच जागे होतो. हातची कमाई मेल्या जागी सांडलेली असते. तिथवर जिवंत पोचलो तर ती परत मिळते, वाटेत पुन्हा मेलो तर कायमची गेली. या ठिकाणांना खेळात 'साइट ऑफ ग्रेस' म्हणतात. 'ग्रेस' हा शब्द कानी पडताच माझ्यातला मुख्याध्यापक जागा झाला. आमच्याकडेही ग्रेस असते; काठावर नापास होणाऱ्या मुलाला आम्ही कृपागुण देतो. पण दोन्हींत केवढे अंतर! कृपागुण मुलाला उचलून भिंतीपलीकडे ठेवतात. भिंत कशी चढायची हे त्याला कधीच कळत नाही. कृपास्थान त्याला त्याच भिंतीपुढे आणून बसवते, अंगावरची जखम पुसते आणि म्हणते, आता पुन्हा बघ.

अवघडपणाची दुसरी तऱ्हाही मी पाहिली आहे. २००६ सालच्या 'ऑब्लिव्हियन' या खेळात आपले बळ वाढेल तसे शत्रूचेही वाढत जाई. काही दिवसांनी रस्त्यावरचे साधे वाटमारेसुद्धा मौल्यवान चिलखतात मिरवू लागत. पोराने जितका अभ्यास करावा तितका पेपर कठीण व्हावा, असला हा प्रकार. मग अभ्यास केल्याचे समाधान कुठून मिळणार? त्याच कंपनीच्या २०११ सालच्या 'स्कायरिम'मध्ये कठीणपणाची पातळी आपण निवडू शकतो, पण वरची पातळी घेतली तरी शत्रूला नवे डावपेच सुचत नाहीत. त्याचे घाव तेवढे जबर होतात आणि आपले बोथट. दहा बेरजांऐवजी शंभर बेरजा दिल्याने गणित कठीण होत नाही, लांबते. मियाझाकींच्या प्रश्नाला उत्तर असते, आणि ते प्रश्नातच दडलेले असते.

मियाझाकी मुळात संगणकाच्या एका मोठ्या कंपनीत नोकरीला होते. एकोणतिसाव्या वर्षी, २००४ साली, ते या धंद्यात आले. २००९ सालच्या 'डेमन्स सोल्स'ने त्यांचे नाव झाले. तो खेळ अमेरिकेत काढायला खुद्द सोनी कंपनी तयार नव्हती, तिथे तो दुसऱ्या प्रकाशकाने आणला. लहानपणी त्यांच्या हाती इंग्रजी अद्भुतकथांची पुस्तके येत. भाषा नीट कळत नसे. जे कळे त्यावरून उरलेली गोष्ट ते मनाने जुळवीत. त्यांच्या खेळांतली कथाही तशीच तुकड्यातुकड्यांनी येते. एखाद्या अंगठीच्या वर्णनात दोन ओळी, मोडक्या देवळातल्या मूर्तीत एक खूण, मरणाऱ्या सरदाराच्या तोंडी एक अर्धे वाक्य. आपल्या सीमाभागातल्या वाचकाला यात नवल वाटू नये. घरी मराठी आणि रस्त्यावर कन्नड अशा गावात वाढलेल्या प्रत्येकाने एसटीची पाटी, सरकारी नोटीस, शेजारणीचे बोलणे असेच अर्धे कळून, अर्धे जुळवून समजून घेतले आहे. न कळलेल्या जागा भरून काढण्यातही एक आनंद असतो.

मात्र हा गुण काही ठिकाणी दोष झाला आहे, हे सांगितलेच पाहिजे. वाटेत भेटलेली पात्रे मदत मागून निघून जातात आणि पुढे कुठे गाठ पडेल याचा मागमूस ठेवत नाहीत. ती नकाशावर दाखवण्याची सोय मार्च २०२२ च्या दुरुस्तीत करावी लागली, यावरूनच मूळ रचनेतली उणीव कळते. शिवाय मुलूख इतका अफाट की तो भरायला तेच ते शत्रू पुन्हा पुन्हा उभे केले आहेत. 'एर्डट्री अवतार' पहिल्यांदा भेटतो तेव्हा छाती दडपते. नंतरच्या भेटींत त्याचा कंटाळा येतो. शेवटच्या तिसऱ्या भागात, बर्फाळ डोंगरांवर, शत्रूंचे घाव एकाएकी इतके जबर होतात की चूक समजून घ्यायला उसंतच मिळत नाही. मलेनिया ही योद्धी तर आपल्याला प्रत्येक घाव घालताना स्वतःची जखम भरून घेते. तिच्याशी लढताना मला पहिल्यांदा वाटले की, प्रश्न काढणाऱ्याला उत्तरापेक्षा स्वतःच्या हुशारीचे कौतुक अधिक आहे. २१ जून २०२४ रोजी आलेल्या पुरवणी भागात हे आणखी वाढले. खेळाडूंची ओरड झाली आणि आठवडाभरातच कंपनीने खेळाडूचे बळ वाढवणारी दुरुस्ती काढली.

आता यंत्राविषयी. या खेळाला किमान १२ जीबी रॅम लागते असे निर्मात्यांनीच सांगितले होते. आमच्या संगणकात ८ होती. चित्र अडखळत चाले. मार्गिटची काठी वर दिसे आणि पुढच्या क्षणी मी जमिनीवर. मधले काही दिसतच नसे. हे मरण माझ्या चुकीचे की यंत्राच्या, हेच कळेना. दिवाळीला मुलगा आला, त्याने रॅम वाढवली, जुने ग्राफिक्स कार्ड काढून नवे बसवले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मार्गिट पडला. माझी बोटे तीच होती, प्रश्नही तोच होता. आधी फक्त बाक डुगडुगत होता.

दोष माझ्याच संगणकाचा असता तर मी हे लिहिलेही नसते. पण प्रसिद्ध झाला त्या दिवसांत हा खेळ चांगल्या, महागड्या संगणकांवरही अडखळत होता, आणि कंपनीने त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली होती. त्यांच्याच २०११ सालच्या 'डार्क सोल्स'मध्ये 'ब्लाइटटाऊन' नावाची दलदलीतली वस्ती आहे. लाकडी फळ्यांवरून तोल सांभाळत उतरायचे, आणि नेमके तिथेच त्या काळच्या यंत्रांवर चित्र रखडायचे. २०१८ च्या नव्या आवृत्तीत ती वस्ती सुरळीत चालते, तेव्हा कळते की तिच्या दुष्कीर्तीत कल्पकता किती होती आणि रखडणे किती. यंत्राची गती ही तांत्रिक बाब म्हणून समीक्षक तळटिपेत टाकतात. मला ते पटत नाही. जो खेळ चुकीला मरणाची शिक्षा देतो, त्याने काटा शून्यावर असल्याची खात्री आधी करून द्यायला हवी.

राहिला सोप्या पातळीचा वाद. ती असावी की नसावी यावर खेळाडूंत वर्षानुवर्षे भांडणे चालू आहेत. 'एल्डन रिंग'मध्ये निवडीची यादी नाही, पण मदत आहे : भुताखेतांना हाक मारता येते, दुसऱ्या खेळाडूला सोबत घेता येते, हिंडून बळ वाढवता येते. कट्टर खेळाडू या मदतीला कमीपणा मानतात. मी ती न लाजता घेतली. शिक्षकाला विचारणे आणि कॉपी करणे यांतला फरक मला शिकवू नये! मियाझाकींच्याच २०१९ सालच्या 'सेकिरो'त ही सोय नाही आणि माझी बोटे आता तरुण नाहीत, म्हणून तो मी अर्ध्यावर सोडला. त्यात खेळाचा अपमान नाही आणि माझाही नाही. पण ज्याचा हात मुळातच अधू आहे, त्याने काय करावे? २०१८ च्या 'सेलेस्ट' या छोट्या खेळाने गती कमी करण्याची मुभा दिली, म्हणून त्याचे डोंगर ठेंगणे झाले नाहीत. मियाझाकींनी एवढे औदार्य दाखवले असते तर मला आवडले असते.

हे सगळे लिहिताना एक जुनी गोष्ट मनात सलते आहे. वीसेक वर्षांपूर्वी दहावीच्या पूर्वपरीक्षेत मी मराठीचा पेपर मुद्दाम कठीण काढला. पोरे घाबरतील आणि अभ्यासाला लागतील, असा हिशेब होता. समासाची उदाहरणे पुस्तकाबाहेरची घातली आणि स्टाफरूममध्ये त्याबद्दल शाबासकीही घेतली. निम्म्याहून अधिक वर्ग नापास झाला. पोर्शन उरकायचा होता म्हणून पेपरवर नुसते आकडे टाकून परत दिले. कोण कुठे चुकले ते सांगायला वेळ काढला नाही. खेड्यावरून चालत येणारी एक मुलगी त्यानंतर शाळेत आली नाही. माझा पेपरच त्याला कारण झाला असे मी म्हणत नाही, घरचीही कारणे असतील. पण तिची चूक तिला दाखवायची राहिली, हे मला ठाऊक आहे.

कर्नाटकात २०२४ साली दहावीच्या वर्षात तीन परीक्षा सुरू झाल्या. नापास झालेल्याला त्याच वर्षी पुन्हा बसता येते. यंदा निकालानंतर एक मुलगा माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाला, "सर, गणितात कुठं चुकलं तेच कळंना झालंय बघा." पूर्वी मी त्याला चार धीराचे शब्द सांगून परत पाठवले असते. या वेळी आम्ही उत्तरपत्रिकेची प्रत मागवली आणि दोघे ती समोर ठेवून बसलो. तिसऱ्या ओळीत वजाचे चिन्ह हरवले होते. पुढच्या दोन गणितांतही तेच. तो बराच वेळ त्या चिन्हाच्या जागेकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "एवढंच होय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचे फाटक उघडायच्या आधी तो वही घेऊन उभा होता.