लॉर्ड रोनाल्ड गॉवर यांचें शेक्सपिअर-स्मारक

सदरलंडच्या दुसऱ्या ड्यूकचे पुत्र लॉर्ड रोनाल्ड गॉवर (१८४५–१९१६) यांनीं आठवणी, चरित्रें व चित्रकारांवरील ग्रंथ लिहिले. परंतु आमच्या मतें त्यांची कीर्ति स्ट्रॅटफर्ड येथील शेक्सपिअर-स्मारकावरच (१८८८) टिकावी. उंचावर कवि, भोंवतीं हॅम्लेट, लेडी मॅक्बेथ, फॉल्स्टाफ व राजपुत्र हॅल. हीं पात्रें प्रथम पीठालगतच होतीं. १९३३ सालीं स्मारक हलविलें, तेव्हां तीं दूर मांडलीं गेलीं. त्रिपाठ पोथींतील टीका कापून वेगळी बांधावी, तसें हें झालें! हौशी उमराव म्हणून गॉवर यांस नाकें मुरडणाऱ्यांनीं हें आधीं ध्यानांत घ्यावें. विस्कळितपणाचा दोष शिल्पकाराचा नव्हे. छायाचित्रांवरून पाहतां फॉल्स्टाफ आम्हांस सर्वांत सजीव वाटला. मुकुट उचललेला हॅल मात्र किंचित् नाटकी.