‘आमच्या’पासून ‘माझी’पर्यंत : पार्वतीबाई आठवले यांच्या आत्मकथनातील उत्तरायुष्य

मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांचा विचार बहुधा समाजसुधारणेच्या इतिहासाची साधने म्हणून होत आला आहे. बालविवाह, वैधव्य, केशवपन, स्त्रीशिक्षण यांविषयी त्यांतून कोणती माहिती मिळते, हे पाहिले जाते. ती माहिती ज्या भाषेत व ज्या कथनप्रकारात आली, त्यांकडे मात्र तितकेसे लक्ष जात नाही. वास्तविक आयुष्याच्या मध्यावर एखाद्या स्त्रीच्या जीवनाला जे नवे वळण लागते आणि त्यातून जी मोकळीक तिला लाभते, तिची खूण ‘स्वातंत्र्य’ या शब्दात क्वचितच सापडते. ती सर्वनामांत, क्रियापदांत आणि ग्रंथाच्या नावात शोधावी लागते. पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

तुलनेसाठी प्रथम रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे पुस्तक घ्यावे. मराठीत ‘आपण’ श्रोत्याला सामावून घेते, ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवते. या शीर्षकातील ‘आमच्या’ म्हणजे पतिपत्नींच्या. वाचकाला त्या जोडीचे दर्शन घडते, तीत प्रवेश नाही. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली निवर्तले, तेव्हा रमाबाई चाळिशीच्या आत होत्या. पुणे सेवासदनाची १९०९ सालची स्थापना आणि १९२४ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी केलेले सार्वजनिक कार्य हे सर्व त्यापुढचे. परंतु आठवणींचा ओघ पतीच्या निधनापाशी थांबतो. ज्या काळात रमाबाई स्वतःच्या बळावर उभ्या राहिल्या, तो काळ त्यांच्या पुस्तकात नाही. ‘आम्ही’ संपले तेथे कथन संपले. ‘मी’चे कार्य सुरू झाले, पण तिचे कथन झाले नाही.

पार्वतीबाईंचे वळण निराळे आहे. त्यांचा जन्म १८७० सालचा, माहेर कोकणातील देवरुखचे. अकराव्या वर्षी विवाह, विशीत वैधव्य, पदरी एक मुलगा आणि रूढीप्रमाणे केशवपन. त्यांची सख्खी बहीण गोदूबाई हिचा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे झाल्या. पार्वतीबाईंनी पुनर्विवाहाचा मार्ग धरला नाही. सव्विशीच्या सुमारास त्या शिकू लागल्या, कर्व्यांच्या आश्रमात काम करू लागल्या आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी जमविण्याकरिता गावोगाव हिंडल्या. १९१२ साली त्यांनी केशवपन सोडले. १९१८ साली, वयाच्या ४८व्या वर्षी, इंग्रजी शिकण्याच्या हेतूने त्या अमेरिकेस गेल्या आणि १९२० साली परतल्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वैधव्यामुळे या स्त्रियांना स्वातंत्र्य मिळाले, असे म्हणण्याचा मोह टीकाकाराने आवरावा. पार्वतीबाईंचे वैधव्य विशीतले आणि केसांसंबंधीचा निर्णय बेचाळिशीतला. मधल्या वीस-बावीस वर्षांत त्यांना अक्षरओळख झाली, आधाराला एक संस्था लाभली, सभेत बोलण्याची सवय झाली आणि एकटीने प्रवास करण्याचा धीर आला. दुर्दैवाने केवळ पूर्वीचा आधार काढून घेतला. नवा आधार कष्टाने उभारावा लागला.

आता शीर्षकाकडे वळू. ‘कहाणी’ हा शब्द दुःखाच्या हकीकतीसाठी रूढ आहे. परंतु मराठी स्त्रीच्या कानाला तो प्रथम श्रावणातील व्रतकथा म्हणून परिचित. या कहाण्यांतील नायिका बहुधा निनावी असते. तिच्यावर संकट येते, देवता प्रसन्न होते आणि सौभाग्य, संतती, संपत्ती यांचा लाभ होऊन कथा सुफळ होते. अशा कथेत विधवेला फलप्राप्ती नाही. तिच्या वाट्याला फार तर श्रोत्याची जागा. त्या श्रोत्याच्या जागेवरून उठून पार्वतीबाई सांगणाराच्या जागी येतात, आणि निनावी नायिकेऐवजी स्वतःचे नाव, गाव व साल देतात. बाया कर्वे यांच्या आत्मचरित्राचे नावही ‘माझे पुराण’ (१९४४) असे आहे, आणि पुराण हेही अशा स्त्रियांनी देवळात बसून ऐकावयाचे. याउलट अण्णासाहेब कर्व्यांनी आपल्या पुस्तकाला ‘आत्मवृत्त’ (१९१५) असे संस्कृत व सर्वनामरहित नाव दिले. पुरुषाला ‘माझे’ असे म्हणण्याची आवश्यकता भासली नाही. या दोघी बहिणींनी मात्र ऐकण्याचे दोन प्रकार सांगण्याचे करून घेतले आणि प्रत्येकावर मालकीची खूण उमटविली.

हाच बदल क्रियापदांतही पाहावयास मिळतो. विधवेविषयीची रूढ मराठी भाषा पाहा : ‘तिला सोवळी केली’, किंवा ‘ती सोवळी झाली’. पहिल्या वाक्यात ती कर्म आहे. दुसऱ्यात ती कर्त्याच्या जागी असली तरी क्रिया तिच्या इच्छेची नाही. लग्नाबाबतही तेच, मुलीचे लग्न ‘होते’ किंवा ‘करून दिले जाते’. परंतु ‘तिने केस राखले’ या वाक्यात कर्ता तृतीयेत स्पष्टपणे उभा राहतो आणि कृतीची जबाबदारी घेतो. १९१२ सालच्या प्रसंगाचे मोल येथे आहे. बाहेरून पाहता तो एक चिन्हत्याग आहे. भाषेच्या अंगाने पाहता घडून येण्याच्या क्रियापदाकडून करण्याच्या क्रियापदाकडे झालेले ते संक्रमण आहे.

अमेरिकेच्या प्रसंगात हा भेद अधिक तीव्र होतो. तेथे पार्वतीबाईंनी लोकांच्या घरी घरकाम करून निर्वाह केला. भांडी घासणे व झाडलोट ही कामे त्यांना नवी नव्हती. हिंदू कुटुंबातील विधवेचा जन्म त्यांतच जावयाचा. काम तेच, पण सासरी वा माहेरी ते नशीब होते. परदेशी ते मजुरी घेऊन, एका हेतूसाठी, हवे तेव्हा सोडता येण्याच्या अटीवर पत्करलेले होते. स्वातंत्र्याची याहून नेमकी व्याख्या विवेचनाने क्वचितच साधेल.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ‘मी’ने बोलणे मराठी स्त्रीला नवे नाही. पुण्याच्या पश्चिमेस, पौडपलीकडील कोळवणच्या खोऱ्यात काय किंवा उर्वरित मावळात काय, जात्यावर बसलेल्या स्त्रीने आपले सुखदुःख प्रथमपुरुषी ओवीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले आहे. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी मुळशी तालुक्यापासून सुरू केलेल्या संग्रहात अशा लाखाहून अधिक ओव्या जमल्या आहेत. आक्षेप खरा आहे. परंतु ओवीतला ‘मी’ सर्वांचा असतो; एकीची ओवी दुसरी आपलीच म्हणून गाते. शिवाय पिठाची गिरणी आली, तेव्हा श्रमाबरोबर गाण्याची जागाही गेली. ‘माझी कहाणी’तील ‘मी’ दुसरीला उसनी घेता येत नाही, आणि जाते थांबल्याने ती मुकीही होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पार्वतीबाईंनी घराच्या जागी संस्था बसविली. स्त्रीशिक्षणातही गृहकर्तव्याला त्यांनी मोठे स्थान दिले. मग यात व्यक्तीचे स्वातंत्र्य कितीसे? उत्तर असे की, येथे मुक्ती कर्तव्यापासून नाही, कर्तव्य निवडण्याची आहे. आजच्या वाचकाला ती अपुरी वाटेल, आणि तसे वाटण्याचा त्याला अधिकार आहे. मात्र तिला परतंत्रता म्हणणे न्याय्य होणार नाही.

जस्टिन अॅबट यांनी १९३० साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात ‘माझी कहाणी’ या अर्थाच्या नावाखाली ‘एका हिंदू विधवेचे आत्मचरित्र’ असे उपशीर्षक आले. परकीय वाचकाच्या सोयीसाठी ते आवश्यक असेलही. तथापि जी खूण लेखिकेने १९१२ साली मस्तकावरून दूर केली, ती अठरा वर्षांनी मुखपृष्ठावर परत आली. मराठी शीर्षकात ‘विधवा’ हा शब्द नाही. तेथे केवळ ‘माझी’ आहे. या ग्रंथाचा अभ्यास करणाराने आरंभ त्या एका सर्वनामापासून करावा.