एक जूनला जन्मलेले पूर्वज

महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर चाळायला मिळाले, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. निम्मे गाव १ जूनला जन्मलेले असते. कारण साधे आहे. शाळा जूनमध्ये उघडे. मुलाला घेऊन आलेल्या बापाला जन्माचे साल धड सांगता येत नसे. मग मास्तर मुलाची उंची पाहत, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता येतो का ते पाहत, वय ठरवीत आणि तारखेच्या रकान्यात १ जून लिहीत. तीच तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, नोकरीच्या सेवापुस्तकात आणि निवृत्तीच्या आदेशात गेली. आता ती ऑनलाइन वंशवृक्षात पोचली आहे.

ती तिथे पोचवणाऱ्यांत मीही आहे. आजोबांची जन्मतारीख मी १ जून १८९६ अशी नोंदवली आणि पुराव्यादाखल शाळेच्या दाखल्याचा फोटो जोडला. दोन-तीन वर्षांनी एका भाऊबंदाने कळवले की तीन वेगवेगळ्या वंशवृक्षांत हीच तारीख मिळते, तेव्हा ती पक्की समजायला हरकत नाही. मला बरे वाटले. नंतर पाहिले, तर तिन्ही ठिकाणी जोडलेला फोटो माझाच होता. कोपऱ्यात माझ्या अंगठ्याची सावलीसुद्धा होती.

या लेखनाकडे लेखनप्रकार म्हणून पाहण्याची वेळ आता आली आहे. विकीट्री, जेनी, फॅमिलीसर्च यांसारख्या ठिकाणी मराठी घराणी झपाट्याने येत आहेत. नुसती नावे जोडून लोक थांबत नाहीत, पूर्वजांची छोटी चरित्रेही लिहितात. प्रत्येक विधानाला आधार द्यावा, अशी तिथली अपेक्षा असते आणि ती योग्यच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. आधार जोडला की काम संपले, असे आपण मानू लागलो आहोत. वाण्याची पावती फाइलला लावावी तसा आपण कागद लावतो. तो कागद कोणी लिहिला, घटनेनंतर किती दिवसांनी लिहिला आणि लिहिणाऱ्याला ती गोष्ट कळली कशी, हे विचारत नाही.

मराठीला हा प्रश्न नवा नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची झडती घेतली, ती याच प्रश्नाच्या आधारे. घटनेच्या वेळचे पत्र आणि मागाहून ऐकून लिहिलेली बखर यांना एका पारड्यात घालता येत नाही, हे त्यांनी आपल्याला शिकवले. पण घराण्यांचा इतिहास लिहिताना ही शिकवण आपण पुष्कळदा उंबऱ्याबाहेर ठेवली. विसाव्या शतकात जे कुलवृत्तांत निघाले, त्यांचे ऋण मोठे आहे. ते नसते तर कितीतरी शाखा हरवल्या असत्या. मात्र त्यांतली बरीच माहिती त्या त्या घरच्या कर्त्या माणसाने कळवलेली असे, आणि ती तशीच छापली जाई. म्हणून सगळे पुरुष करारी, मनमिळाऊ आणि परोपकारी निघतात, सगळ्या स्त्रिया सोशिक आणि सुगरण. ऑनलाइन चरित्रांनी पुराव्याची भाषा उचलली, पण ही विशेषणे मात्र कुलवृत्तांताचीच ठेवली.

कागदांची प्रतवारी करायची म्हणजे काय, ते आपल्याकडच्या रोजच्या कागदांवरूनच पाहू. गावच्या जन्ममृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना १४, लोक जिला कोतवाल बुक म्हणतात, ती घटनेनंतर थोड्या दिवसांत होई. त्यामुळे मृत्यूचा दिवस तिथे भरवशाचा. मयताचे वय मात्र सांगणाऱ्याच्या अंदाजाचे. वारसाच्या फेरफाराची तारीख मृत्यूची नसते. नोंद झाली त्या दिवसाची असते, आणि दोहोंत कधी कधी दहा वर्षांचे अंतर पडते. त्या वारसांत मुली नसल्या, तर मुली नव्हत्याच असे ठरत नाही. जुन्या कागदावरचा शक इसवी सनात नेताना सरसकट ७८ मिळवणेही चुकीचे. शके १८०५ चा वैशाख १८८३ मध्ये येतो, पण त्याच शकातला माघ १८८४ मध्ये. या एका वर्षाच्या चुकीने कितीतरी वंशवृक्षांत मुले आईबापांच्या लग्नाआधी जन्मली आहेत.

नावांचेही तेच. कुसुमाग्रज जन्मले गजानन रंगनाथ शिरवाडकर म्हणून. काकांना दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. हे माहीत नसलेला माणूस एका व्यक्तीची दोन माणसे करील, किंवा दोनांपैकी एक बाप पुसून टाकील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव घातले गेले, तेव्हा रजिस्टरात ‘भिवा’ लिहिले गेले. हे दोघे थोर म्हणून आपल्याला दुवा ठाऊक आहे. आपल्या पणजोबांचा दुवा आपणच सिद्ध करायचा असतो.

नाशिककरांच्या हाताशी आणखी एक साधन आहे. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितले की वही निघते. आलेला यात्रेकरू आपले, बापाचे, आजाचे, भावांचे, मुलांचे नाव लिहितो किंवा सांगून लिहवतो. खाली मिती पडते. जुनी पाने मोडीत आहेत. या वह्यांना आपण फार मान देतो, आणि द्यावाच. पण एकाच नोंदीत दोन प्रतींचा पुरावा असतो, हे विसरतो. स्वतःविषयी आणि मुलांविषयी तो माणूस साक्षीदार आहे. आजोबांच्या वडिलांविषयी तो ऐकीव सांगतो आहे. चरित्र लिहिताना या दोन वाक्यांचा सूर वेगळा असायला हवा.

शिवाय पुराव्याचा हट्ट कोणाला परवडतो, हेही पाहिले पाहिजे. काळाराम मंदिराचे दार उघडावे म्हणून ज्यांना २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या घराण्यांचा शोध रामकुंडावरच्या वह्यांतून सुरू होईल, अशी अपेक्षा धरता येत नाही. त्यांची नावे मिळतील ती शाळेच्या रजिस्टरात, कोतवाल बुकात, वतनाच्या कागदांत. ‘पुरावा नाही, म्हणून चरित्र नाही’ हा नियम लावला, तर ज्यांच्याकडे लेखणी होती त्यांचेच पूर्वज शिल्लक राहतील. त्यावर उपाय पुरावा सैल करणे हा नाही. जो कागद आहे तो नीट वाचणे, हा आहे.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत कोतवाल बुके उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. कागदाचे मोल लोकांना कळले, ही चांगली गोष्ट झाली. दाखल्यासाठी शोधणाऱ्याला एकच रकाना हवा असतो, जातीचा. त्यात त्याची चूक नाही, त्याच्या मुलाचा प्रवेश किंवा नोकरी त्या रकान्यावर अवलंबून आहे. चरित्रकाराने मात्र पूर्ण ओळ वाचावी, आणि वरच्या-खालच्या ओळीही वाचाव्यात.

मी हे उशिरा शिकलो. आमच्या घरी आजोबांचे एकच लग्न सांगितले जाई. उपाध्यायांच्या वहीत १९१७ च्या नोंदीत त्यांच्या नावाशेजारी ‘कुटुंब’ म्हणून जे नाव आहे, ते माझ्या आजीचे नाही. गावच्या कोतवाल बुकात ऑक्टोबर १९१८ मध्ये एक ओळ मिळाली: आजोबांचे नाव, त्यापुढे ‘याची बायको’, कारण ताप. तिचे स्वतःचे नाव तिथे नाही. त्या पानावर वर-खाली सगळीकडे ताप आहे. एका आठवड्यात एका गल्लीतली अनेक माणसे. ती इन्फ्लुएंझाची साथ होती, हे पानच सांगते. वहीतले नाव आणि बुकातली बायको एकच, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. तो माझा निष्कर्ष आहे आणि मी तो निष्कर्ष म्हणूनच लिहिला.

तिचे चरित्र तीन ओळींचे झाले. ती १९१७ मध्ये नवऱ्यासोबत गोदेवर आली होती. पुढच्या वर्षीच्या साथीत, बहुधा, ती गेली. घरात तिचे नाव कोणी घेतले नाही, पण वहीत ते राहिले. ती सोशिक होती की सुगरण, मला माहीत नाही, आणि मी ते लिहिलेले नाही. घरातल्या एक-दोघांना हा मजकूर रुचला नाही. आजीचा अपमान झाला, असे त्यांचे म्हणणे पडले. मी त्यांना वहीचे पान दाखवले. पुढच्या पितृपक्षात चुलतभावाने तर्पणात एक नाव वाढवले.

आजोबांची तारीखही मी दुरुस्त केली. आता तिथे लिहिले आहे: जन्म १८९५ ते १८९७ च्या दरम्यान, शाळेच्या रजिस्टरात १ जून १८९६, ती तारीख प्रवेशाच्या वेळी अंदाजाने घातलेली दिसते. बाकीच्या तिन्ही वंशवृक्षांच्या कर्त्यांनाही कळवले. एकाने बदल केला. दोन ठिकाणी आजोबांचा वाढदिवस अजून १ जूनलाच येतो.