कोपऱ्यातली ओळ

समीक्षकांनी कादंबऱ्यांवर लिहिले, नाटकांवर लिहिले, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरही लिहिले. पण लाखो माणसे धास्तावल्या डोळ्यांनी वाचतात त्या 'टास्क मॅनेजर'वर कोणी चार ओळी खरडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याची ही कृती १९९६ साली 'विंडोज एनटी ४.०'बरोबर बाहेर पडली. कॉम्प्युटर रेंगाळला की माणूस आधी शिव्या देतो आणि मग ही उघडतो.

कृतीत दोष एकच, पण ढळढळीत. मेमरीच्या पानावर जो भलामोठा आलेख पसरलेला असतो, तो रॅम किती भरली एवढेच सांगतो. ती चालते किती वेगाने, खाचा किती वापरात आहेत, हे सारे खाली बारीक अक्षरांत. म्हणजे नायक तीन अंक रंगमंचभर फिरणार आणि खुनी कोण, ते दरवान पुटपुटून जाणार!

सोयगावकरांना ही तऱ्हा नवी नाही. जगप्रसिद्ध लेणी सोयगाव तालुक्यात, लेणापूरला. पण ज्याच्या नावाने ती मिरवतात ते अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात. ठळक अक्षरांत अजिंठा, कोपऱ्यात आम्ही.

तरी आमचा सोयगावचा भाचा आलेखालाच भुलला. तो लग्नाचे व्हिडिओ जोडून देतो. मशीन इतके कुंथायचे की नवरी मांडवातून निघेपर्यंत चहा थंड व्हायचा. दुरुस्तीवाल्याने निदान केले : नवाच घ्या. "मामा, कर्जाचा अर्ज भरलाय," भाचा म्हणाला.

आलेख पाहिला, तर ८ जीबीपैकी ५ भरलेली. आलेख काठोकाठ असता, तर कॉम्प्युटर उरलेले काम डिस्कवर ढकलतो आणि डिस्क रॅमपुढे बैलगाडी. तिथे जास्त रॅम हाच उपाय. इथे तसे नव्हते. म्हटले, "बाळा, खालचे वाच." वेग २१३३, खाचा २ पैकी १. आणि रॅमच्या पट्टीवर छापलेले ३२००! अशा पुष्कळ पट्ट्या बायॉसमध्ये एक्सएमपी चालू करीपर्यंत बेताच्याच वेगाने चालतात. शिवाय एक पट्टी म्हणजे एकच रस्ता. त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसले की चित्रांची वरातही त्याच रस्त्यावर. हिशेब सोपा आहे : २१३३ वर एका पट्टीतून सेकंदाला १७ जीबी, ३२०० वर दोन पट्ट्यांतून ५१. अर्थात हे कागदावरचे. प्रत्यक्षात काम तिप्पट पळत नाही.

एक्सएमपी चालू केले, तशीच दुसरी पट्टी बसवली. मशीन काही उडू लागले नाही. पण नवरी चहा गरम असतानाच सासरी पोचू लागली. कर्जाचा अर्ज मागे घेतला.

तेव्हा कृती वाचनीय, पण खालून वर वाचावी. पुढच्या आवृत्तीत आलेख निम्मा करून वेगाची ओळ ठसठशीत छापावी, अशी लेखकाला नम्र सूचना. आणि जमल्यास लेण्यांच्या पाटीवर सोयगावचे नावही!