कोंडलेल्या घराची दैनंदिनी

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्यानंतरच्या काही महिन्यांत घराविषयी जेवढे लिहिले आणि चित्रित केले गेले, तेवढे पूर्वी क्वचितच झाले असेल. या विपुल सामग्रीकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहू लागल्यास मात्र एक उणीव प्रकर्षाने जाणवते. तीत वारंवार भेटतात ते २२ मार्चचे थाळीवादन, ५ एप्रिलच्या रात्रीचे दिवे आणि दूरदर्शनवर पुन्हा सुरू झालेले ‘रामायण’. हे सारे सार्वजनिक प्रसंग होत. घराच्या सज्जातून ते दिसले, एवढाच त्यांचा घराशी संबंध. घर जगत होते ते अशा दोन प्रसंगांच्या मधल्या अवधीत.

बेंगळुरूमधील यशवंतपूरचे उदाहरण घ्यावे. हे रेल्वेचे मोठे स्थानक. प्रवासी गाड्या त्या मार्चमध्ये थांबल्या, मालगाड्या चालू राहिल्या. अशा ठिकाणी बसून ‘सर्वत्र नीरव शांतता पसरली’ असे लिहिणारा ऐकीव भाषा लिहितो. कोणता आवाज गेला आणि कोणता उरला हे सांगणाराच खरा नोंदकर्ता. तेथील एखाद्या मराठी घराची कल्पना करावी. दुकान, शाळा, कामाला येणारी बाई यांच्यासह उंबऱ्यावर रोज येणारी कन्नड थबकली की त्या घराच्या बोलण्यात काय बदल होतो? भाषेविषयी जागरूक लेखकाला हा एवढाच धागा पुरेसा आहे.

या शहराला कोंडलेपण नवे नव्हते. १८९८ मध्ये येथे प्लेग पसरला. यशवंतपूरला लागून असलेल्या मल्लेश्वरमच्या वाढीला त्या साथीने चालना दिली. त्या काळाचा लेखी ठेवा प्रामुख्याने प्रशासकीय आहे. त्यात घरे आहेत, स्वयंपाकघर नाही. गंमत अशी, की २०२० मध्ये ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला गेला, तो १८९७ चाच होता.

स्वयंपाकघराचा शोध घ्यायचा तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे वळावे लागते. तेथे विषय साथीचा नाही, पण भयाने ग्रासलेल्या घराचा आहे. १८५७ च्या बंडानंतर आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने झपाटले. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात घ्यायचा नाही, हा त्यांचा अट्टाहास. दुधाच्या पिशव्या आणि भाज्या धुणाऱ्या २०२० च्या वाचकाला ही पाने एकाएकी ओळखीची वाटावीत. लक्ष्मीबाईंचे सामर्थ्य असे, की भय एकाचे आणि त्याचे कष्ट दुसऱ्यांचे, ही घराची रचना त्या सहज हसत उघडी करतात. त्या हसण्यात कडवटपणा नाही, परंतु सूटही नाही.

टाळेबंदीच्या दैनंदिनींत नेमके हेच निसटले. लिहिणारा बहुधा भांडी घासणारा नव्हता. कॅमेरा धरणारा हात चौकटीबाहेर राहिला. ‘सर्वांनी मिळून कामे वाटून घेतली’ हे वाक्य अशा लेखनात आले की समीक्षकाने थांबून विचारावे: कोणती, कोणी, किती दिवस? आपल्या मते या लेखनाची कसोटी शैलीत नसून या हिशेबात आहे.

तरीही एक अडचण प्रामाणिकपणे मान्य करावयास हवी. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा लक्ष्मीबाई साठी ओलांडून गेल्या होत्या. ज्यांच्याविषयी लिहायचे ती माणसे दूर गेली होती. दोन खोल्यांत कोंडलेल्या दैनंदिनीकाराला ते अंतर कोठून मिळणार? ज्याचा संताप टिपायचा तो समोरच जेवायला बसलेला. ज्या मुलाचे रडणे चित्रित करायचे त्याची संमती कोणी विचारायची? म्हणूनच हे लेखन इतके खेळीमेळीचे झाले असावे. ही भीड समजण्यासारखी आहे, पण तिच्यापायी रविवारच्या पक्वान्नाचे छायाचित्र उरले आणि बुधवारचा अबोला गेला.

ज्या थोड्या वह्यांत किराण्याच्या यादीशेजारी त्या दिवशी कोण कोणाशी बोलले नाही याचीही टीप असेल, त्या जपून ठेवाव्यात. त्या आज छापण्याची घाई नको. त्यांतली मुले मोठी झाली की पहिला वाचनाधिकार त्यांचा.