स्तोत्रांतील अक्षरबंध : रचणाऱ्याचा आनंद आणि उकलणाऱ्याचा मोह

स्तोत्र ११९ लांबलचक व एकसुरी आहे, अशी तक्रार आमच्या पाळकवर्गात वारंवार ऐकू येते. इब्री वर्णमालेची अक्षरे २२, प्रत्येक अक्षराने आरंभ होणारी आठ आठ वचने, एकूण १७६. भाषांतरात अक्षरे गळून पडतात आणि मागे उरते ती केवळ लांबी. त्यातच आपल्या रसिकतेवर संस्कृत साहित्यशास्त्राचा संस्कार आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त चित्रकाव्याला शेवटची पायरी दिली. मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण वगळून रचलेले 'निरोष्ठ रामायण' आपण कौतुकाने पाहतो, पण ते भक्तीच्या खात्यावर सहसा जमा करीत नाही. हाच मापदंड लावून इब्री अक्षरबंधाला निव्वळ कसरत मानणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

ज्याने अशी रचना स्वतः करून पाहिली त्याला हे लवकर पटते. मराठीत 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत एक विलाप लिहावयास बसावे. क, ख, ग सुखाने जातात. 'ङ'शी लेखणी अडते. 'ण' आणि 'ळ' यांनी तर मराठी शब्दाचा आरंभच होत नाही. मग आपण वाट शोधू लागतो, आणि त्या शोधात जे वाक्य हाती येते ते एरवी कधी सुचलेच नसते. इब्री कवींची अशी अडचण 'वाव' या अक्षराशी होती. त्याने आरंभ होणारे शब्द फारच थोडे. परंतु 'आणि' हे अव्यय शब्दाला वाव जोडूनच लिहितात. स्तोत्र ११९ च्या कवीने ४१ ते ४८ ही आठही वचने 'आणि'ने सुरू केली! भाषांतरात तो 'आणि' राहिला तरी निरर्थक वाटतो. मुळात तो कवीच्या ओठांवरील स्मित आहे. स्तोत्रे २५ व ३४ यांत मात्र वाव गाळलेलेच दिसते.

रचणाऱ्याचा आनंद असा निर्दोष आहे. उकलणाऱ्याचा तितका नाही.

स्तोत्र १४५ पाहावे. परंपरागत इब्री पाठात येथे 'नून' अक्षराचे वचन नाही. तालमूदच्या आचार्यांनाही ही उणीव ठाऊक होती. आमोस ५:२ मधील इस्राएलाच्या पतनाचे वचन नूनने आरंभ होते, म्हणून दाविदाने ते अक्षर टाळले, असा खुलासा तेथे येतो. उलट सेप्टुअजिंट व सुरियानी भाषांतरांत ते वचन आहे, आणि इ.स. १९५६ मध्ये कुमरानच्या अकराव्या गुहेत सापडलेल्या स्तोत्रांच्या गुंडाळीत ते इब्रीतही मिळाले. 'विश्वासू' या अर्थाच्या शब्दाने ते सुरू होते. काही आधुनिक भाषांतरांनी ते मजकुरात घेतले आहे. प्रश्न सुटला असे वाटते खरे. तथापि त्या वचनाचा उत्तरार्ध १७ व्या वचनाच्या उत्तरार्धाशी शब्दशः जुळतो, आणि गुंडाळीतील त्या ओळीत 'याहवे' ऐवजी 'एलोहीम' हे नाम येते. रिकामे घर पाहून कोणा प्राचीन वाचकाचा हात शिवशिवला असावा, असाच आमचा कल आहे. विरुद्ध मताचे विद्वान पुष्कळ आहेत, हे नमूद केले पाहिजे.

नहूमच्या पहिल्या अध्यायात हा मोह उघडाच दिसतो. तेथे साधारण अर्ध्या वर्णमालेच्या खुणा आहेत, त्याही खंडित. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिकेल व गुंकेल यांनी शब्द बदलून, ओळी हलवून उरलेली वर्णमाला पूर्ण करून दाखविली. बुद्धी अलौकिक, पण कोडे संदेष्ट्याचे आणि उत्तर प्राध्यापकांचे!

आपल्या व्यासपीठांवर अधिक प्रिय आहे ते एस्तेरचे उदाहरण. इब्री एस्तेरमध्ये देवाचे नाव नाही. म्हणून चार स्थळी (१:२०, ५:४, ५:१३, ७:७) लागोपाठच्या चार शब्दांची आद्य वा अंत्य अक्षरे घेऊन, कधी सुलट तर कधी उलट वाचून, ते चतुरक्षरी नाव काढून दाखवितात. श्रोते चकित होतात. परंतु योद, हे, वाव ही इब्रीतील अतिपरिचित अक्षरे आहेत. असा योगायोग लांबलचक गद्यात घडणारच. शिवाय नियम दर वेळी बदलत असेल तर तो कवीचा नियम नव्हे. एस्तेर ४:१४ मध्ये मर्दखय देवाचे नाव न घेता जे बोलतो, त्यावर प्रवचन करणे अधिक कठीण आहे आणि अधिक प्रामाणिकही.

अक्षरांचा खरा उपयोग आम्हांस विलापगीतांत दिसतो. यरुशलेम इ.स.पू. ५८७ च्या सुमारास जळाले. कवी आलेफपासून ताव्हपर्यंत शोक मोजतो. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन वचने, एकूण ६६. अध्याय २, ३ व ४ यांत 'पे' हे 'अयिन'च्या आधी येते. पूर्वी याला लेखकूची चूक म्हणत. इ.स. १९७६ मध्ये इझबेत सार्ता येथे सापडलेल्या प्राचीन खापरावर वर्णमाला याच क्रमाने कोरलेली आढळली. म्हणजे तोही एक चालू क्रम होता. पाचव्या अध्यायातही वचने २२ च आहेत. तेथे वर्णक्रम मात्र नाही. मोजणी तेवढी उरली आहे.