ब्राझ गोन्साल्विस : सॅक्सोफोन, राग आणि समीक्षेचे निकष

प्रस्तावना :
मराठी संगीतसमीक्षा प्रामुख्याने ख्याल, नाट्यसंगीत आणि भावगीत यांभोवती विकसित झाली. मुंबई हे जॅझचे महत्त्वाचे केंद्र असूनही तेथील वादक या समीक्षेच्या कक्षेत क्वचितच आले. गोव्यातील नेवरा येथील सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय ठरते.

जडणघडण :
पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपीवाचन व व्हायोलिन शिकविले जाई. लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजविण्याचे हे कौशल्य गोमंतकीय वादकांना मुंबईतील हॉटेलांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत उपयोगी पडले. गोन्साल्विस यांचे सासरे, हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (१९१६–१९६७), यांचा सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) च्या संगीतात सहभाग होता. श्रोत्यांच्या स्मरणात मात्र संगीतकार राहिला, वादक राहिला नाही.

जॅझला केवळ वाचन पुरत नाही. तेथे वादकाला जागच्या जागी रचना करावी लागते. लुई बँक्स यांच्यासारख्या सहकाऱ्यांसोबत गोन्साल्विस यांनी ही दुसरी विद्या जोपासली. शिस्त आणि उत्स्फूर्तता यांचा हा संयोग त्यांच्या पुढील प्रयोगांचा पाया होय.

रागाचा प्रश्न :
जो हॅरियट व जॉन मेयर यांच्या 'इंडो-जॅझ सूट' (१९६६) मध्ये जॅझवादकांशेजारी सतार व तबला येतात. गोन्साल्विस यांच्या 'राग रॉक' (१९७०) या ध्वनिमुद्रिकेच्या नावातच या संगमाचा पुढचा टप्पा सूचित होतो. येथे मूलभूत अडचण उद्भवते. सॅक्सोफोनच्या कळा स्वरस्थाने बांधून देतात. ओठांच्या दाबाने मींड काढता येते, परंतु ती कष्टसाध्य असते. शिवाय राग म्हणजे निव्वळ आरोह-अवरोह नव्हे. न्यास, चलन व श्रुतिभेद वगळल्यास उरते ती केवळ स्वरपंक्ती. ही मर्यादा अशा सर्वच प्रयोगांना लागू पडते.

कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी वाद्यातच फेरफार करून ते कर्नाटक संगीताच्या सेवेत आणले. मुंबईत १९८० साली जॉन हँडी यांच्यासमवेत वाजवूनही त्यांची ओळख कर्नाटक वादक अशीच राहिली. त्यांना मोजण्यास निकष तयार होते. गोन्साल्विस यांचे वादन दोन पद्धतींच्या मधोमध उभे असल्याने ख्यालाच्या मापाने ते अपुरे, तर जॅझच्या मापाने विस्तारित ठरते.

निष्कर्ष :
राग शुद्ध राहिला काय, यापेक्षा रागामुळे वादकाची वाक्यरचना बदलली काय, हा प्रश्न येथे अधिक न्याय्य ठरतो. लग्नाच्या बँडमधील सॅक्सोफोन अथवा नारायणगावच्या तमाशातील वादक यांचा विचार करतानाही हाच निकष उपयोगी पडेल. मिश्र परंपरेतील वादकाला 'साथीदार' म्हणून बाजूस सारणारी समीक्षा संगीताच्या इतिहासाचा मोठा भाग गमावते.